विमानात आवाज चढवू नका, इअरप्लग घाला

विमानात साधारण 80 ते 85 डेसिबलची घरघर सतत चालू असते. खरा घात होतो तो ती दाबायला आपण इअरफोनचा आवाज चढवतो तेव्हा. त्यापेक्षा फोमचे साधे इअरप्लग घ्या. स्वच्छ हातांनी प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला प्लग जवळजवळ निरुपयोगीच! जागा निवडता आली तर पंखांच्या पुढची बघा, मागे आवाज जास्त असतो. एसटीच्या रात्रीच्या प्रवासातही हेच प्लग चालतात. गाडी स्वतः चालवताना मात्र कान मोकळे आणि काचा बंद ठेवा. मळलेला प्लग सरळ टाकून द्या.