केरीत गाडीने फिरताना

आयर्लंडच्या केरी परगण्यात ‘रिंग ऑफ केरी’ या गोलाकार रस्त्याची १७९ किलोमीटरची फेरी किलार्नी गावाहून सकाळी आठच्या आत सुरू करा. पर्यटकांच्या मोठ्या बस किलॉर्गलिनमार्गे, घड्याळाच्या उलट दिशेने जातात. त्यांच्या आधी, त्याच दिशेने निघालेलं बरं. नाहीतर अरुंद वळणावर समोरून बस येते आणि आपल्या गाडीचा आरसा कडेच्या झुडपांना घासतो. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, हा मोठाच दिलासा.

केरीच्या किनाऱ्यासमोरच्या स्केलिग मायकेल या खडकाळ बेटावर उतरायचं असेल तर बोट खूप आधी ठरवा आणि एक दिवस जादा हाताशी ठेवा, कारण समुद्र खवळला की फेरी रद्द होते. वरच्या प्राचीन मठापर्यंत चढायला ६१८ दगडी पायऱ्या आहेत, बहुतेक ठिकाणी कठडा नाही. चांगली पकड असलेले बूटच घाला.