रविवारी पक्षी बघायला जायचंय? मग गुरुवारपासून लागा

पहिलं काम म्हणजे दुर्बीण कपाटातून बाहेर काढायची. शनिवारी रात्री नव्हे, निदान गुरुवारी. मुंबईचा पावसाळा चार महिने आपल्या कपाटातही मुक्कामाला असतो. दोन वर्षांपूर्वी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पहिल्याच झाडाखाली मी दुर्बीण डोळ्यांना लावली, तर डाव्या डोळ्याला सगळं धुरकट. धूळ असेल म्हणून अर्धा तास रुमालाने पुसत बसले. घरी येऊन भिंग ट्यूबलाइटकडे धरलं, तेव्हा आतल्या बाजूला पांढऱ्या धाग्यांची बारीक नक्षी दिसली. बुरशी! ती पुसून जात नाही, दुर्बीण खोलावी लागते आणि खोलणारा किती घेईल ते तोच जाणे. तेव्हा उजेडाकडे धरून दोन्ही बाजू तपासा आणि परत ठेवताना घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. चामड्याच्या पाकिटात अजिबात नको, ते ओल धरतं.

नवी घेणार असाल तर ८ बाय ४२. आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असल्याने झाडीतल्या अंधुक उजेडातही काम भागतं. दहापटीच्या मोहात पडू नका, हात जरा हलला की पक्षी चौकटीबाहेर. गळ्यातला पट्टा आखूड करा. दुर्बीण पोटावर लोंबायला नको, छातीवर हवी.

वेळेचं गणित कडक आहे. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, महिनाभराने पावणेसातला. नऊ वाजले की ऑक्टोबर हीट सुरू, मग पक्षी गप्प आणि माणसं चिडचिडी. म्हणजे लोकल अंधारातलीच पकडायची. बोरिवलीच्या उद्यानाचं गेट किती वाजता उघडतंय ते आदल्या दिवशी विचारून घ्या. सोमवारी उद्यान बंद असतं, त्यामुळे सुट्टी सोमवारी आली म्हणून खूश होऊ नका. उद्यानातल्या शिलोंड्याच्या जंगलवाटेने जायचं असेल तर परवानगी आधी काढावी लागते. कान्हेरी लेण्यांच्या रस्त्यालाही पुष्कळ पक्षी दिसतात, पहिल्या खेपेला तोच बरा. मेगाब्लॉकचं वेळापत्रकही बघून ठेवा. जाताना त्याचा त्रास नसतो, येताना असतो.

कपडे मातकट किंवा शेवाळी, बाह्या लांब. पांढरा शर्ट सभेला ठेवा. पॅन्ट मोज्यात खोचायची. ध्यान दिसतं, दिसू दे, पावसानंतरच्या गवतात गोचिडी असतात. खाजकुइलीच्या शेंगा धरायच्या दिवसांत कुठल्याही वेलीला सहज म्हणून हात लावायचा नाही. वाटेवर कोळ्यांची मोठाली जाळी आडवी असतात, पुढे चालणाऱ्याने एक काटकी तोंडासमोर धरून चालावं. बिबट्याचं जंगल आहे, म्हणून वाट सोडायची नाही आणि पोरांना पुढे पळू द्यायचं नाही. एवढं पाळलं की पुरे, भीतीच्या गप्पा नकोत.

खाण्याचं थोडक्यात. थालीपीठ किंवा राजगिऱ्याचा लाडू, डब्यात, आणि डबा सॅकच्या तळाशी. चुरचुरणारी पिशवी माकडांना आपल्याआधी ऐकू जाते. पाणी स्टीलच्या बाटलीत.

आता खरा अभ्यास, शुक्रवार-शनिवारचा. पन्नास पक्षी पाठ करू नका, पाच करा. या दिवसांत पाहुणे यायला लागलेले असतात. राखाडी धोबी पाण्याच्या कडेला शेपूट वरखाली करत फिरतो आणि पोट पिवळट असूनही नावात राखाडी. स्वर्गीय नर्तक शोधताना सगळे पांढऱ्या लांब फितीची वाट बघतात आणि समोरची विटकरी मादी बुलबुल समजून सोडून देतात. लाल छातीच्या माशीमाराचंही तसंच. माद्यांना नि पिल्लांना लाल छाती नसतेच, शेपटी झटकन वर उडवण्याची लकब बघायची. झुडपातून नुसतं ‘चक् चक्’ येत राहिलं आणि काही दिसलं नाही, तर तो बहुधा वटवट्या. पाचवा भृंगराज. हा इथलाच, पण इतरांच्या नकला करतो. फोनमधल्या आवाज ओळखणाऱ्या ॲपने एकदा मला शिक्रा हा शिकारी पक्षी सांगितला आणि वर फांदीवर हे महाशय शेपटीचे दोन झुबके हलवत बसलेले. ॲप ठेवा, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत लिहू नका. आणि स्पीकरवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, म्हणजे नाही. तो आपली हद्द राखायला धावून येतो, आपल्याला भेटायला नव्हे.

५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या. त्या आठवड्यात वाटांवर गर्दी असणार, तेव्हा त्याच्या आदल्या रविवारी जा.

छोटी वही आणि पेन्सिल घ्या, पेन दवाने फराटतं. नाव कळलं नाही तरी वेळ, झाड, चोचीचा आकार नि शेपटीची हालचाल लिहायची. घरी आल्यावर कपडे पलंगावर टाकू नका. बाथरूमच्या बाहेरच झटका आणि गुडघ्यामागे गोचीड आहे का तेवढं कोणाला तरी बघायला सांगा.