वर्धा नदीच्या खोऱ्याची जुनी टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचा नकाशा) वाचताय? या चुका टाळा

जुनी शीट आजच्या उपग्रहचित्रावर ठेवायची आणि पाच मिनिटांत "नदी सरकली" म्हणून मोकळे व्हायचे, ही घाई आधी सोडा. अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या ज्या मानलेल्या आकारावर मोजतात तो पाया जुन्या शीटचा 'एव्हरेस्ट' नावाचा, मोबाइलचा वेगळा. तो जुळवला नाही तर शंभर मीटरहून जास्त फरक नुसता त्यामुळेच पडतो.

सर्वांत मोठी चूक सालाची. छपाईचे साल वेगळे, सर्वेक्षणाचे वेगळे. मोर्शीकडच्या एका गावाची एक इंच-एक मैल शीट माझ्याकडे होती. १९५६ ची छपाई, काठाला लागून घरांचे लाल ठिपके. '१९५६ पर्यंत गाव काठावर होते' असे मी लिहिले आणि पारावर वाचून दाखवले. एक आजोबा म्हणाले, "बापू, मी लायना होतो तवाच गाव वरतं आलं. पुरात घरं गेलती." समासात बघितले, सर्वेक्षण १९२७-२८ चे. मग आजोबांनीच मला जुन्या पांढरीवर, म्हणजे गावाच्या मूळ जागेवर नेले. तुरीच्या तासांत खापराचे तुकडे, आणि मधोमध शेंदूर लावलेला मारुती. घरे वर आली, मारुती तिथेच राहिला. तेव्हापासून ट्रेसिंगवर पहिल्यांदा सर्वेक्षणाचे साल लिहितो, नदी नंतर काढतो.

नाव छापलेले पण घर एकही नाही, ही छपाईची चूक समजू नका. बहुतेक वेळा ते रिठ, म्हणजे उठलेले गाव असते. गाव उठले तरी मौजा कागदावर राहतो, सातबारा त्याच नावाने निघतो. तलाठ्याकडे विचारा. का उठले ते मात्र नकाशा सांगत नाही. पूर, पटकी असे कारण मनाने जोडू नका.

काठाजवळ आकड्यापुढे इंग्रजी 'आर' (r) दिसला तर ती पात्रापासून काठाची उंची, समुद्रसपाटीची नव्हे. काळ्या रेघेचा नाला म्हणजे कोरडा नाला.

१९०३ पर्यंत पश्चिमेचा वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटकडे (तिथल्या इंग्रज प्रतिनिधीकडे) आणि पूर्वेचा वर्धा जिल्हा मध्य प्रांतात होता. सीमा ही नदीच. त्या काळातले काही शोधताना एकाच काठाचे कागद बघून खोऱ्याचा इतिहास लिहू नका.

सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण १९९३ मध्ये पूर्ण झाले. त्याआधीच्या शीटवर आज पाण्याखाली असलेल्या गाडीवाटा तुटक रेघांनी दिसतात. तिकडे शीट नेलीत तर आपले प्रश्न थोडे थांबवा. उठलेल्या गावच्या माणसांना आधी आपले घर बोटाने शोधू द्या.