उत्तेजक नशा सुटल्यानंतर : थकलेल्या मेंदूला झेपेल असा दिवस कसा आखावा

कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन किंवा मेथॅम्फेटामाइन यांसारख्या उत्तेजक पदार्थांचे व्यसन सोडून माणूस घरी येतो, तेव्हा आता त्याचे डोके पूर्वीसारखे चालेल असे घरचे गृहीत धरतात. प्रत्यक्षात त्याचे लक्ष टिकत नाही, सांगितलेले आठवत नाही, सकाळी दिलेला शब्द संध्याकाळी मोडतो आणि मग ‘याला सुधारायचेच नाही’ असा निष्कर्ष निघतो. घरच्यांची सर्वांत महागात पडणारी चूक माझ्या मते हीच आहे.

मेंदूतील काही पेशी डोपामिन हे रसायन सोडतात आणि निरोप पोहोचला की ते पुन्हा आत ओढून घेतात. कोकेन हे परतीचे दार अडवते, त्यामुळे डोपामिन दोन पेशींमधल्या फटीत साचून राहते. मेथॅम्फेटामाइन त्याही पुढे जाऊन पेशीत शिरते, साठवलेले डोपामिन मोकळे करते आणि परतीच्याच दारातून ते उलटे बाहेर ढकलते. कोकेनचे रक्तातील प्रमाण साधारण तासाभरात निम्म्यावर येते, तर मेथॅम्फेटामाइनला त्यासाठी १० ते १२ तास लागतात. असा पूर वारंवार येऊ लागला की मेंदू डोपामिन टिपणारी ग्राहीकेंद्रे कमी करून स्वतःला वाचवतो, आणि मग जेवण, गप्पा, हातातले काम या साध्या गोष्टींतला रस आटतो. त्याच वेळी कपाळामागचा भाग, म्हणजे मोह आवरणारा, दोन गोष्टी एकदम लक्षात ठेवणारा आणि परिणाम तोलणारा भाग, मंद पडतो.

या मंदपणाची एक खूण मानसशास्त्रज्ञांच्या पत्त्यांच्या चाचणीत दिसते. पत्ते आधी रंगानुसार लावायचे असतात. काही वेळाने नियम न सांगता बदलला जातो आणि ‘चूक’ एवढेच उत्तर मिळू लागते. बहुतेक लोक थोड्याच चुकांनंतर आकारानुसार किंवा संख्येनुसार लावून पाहतात. दीर्घकाळ उत्तेजक पदार्थ घेतलेल्या अनेकांना मात्र चूक कळत असूनही जुन्या नियमावरून हात काढून घेणे जड जाते. घरात ज्याला आपण हट्ट म्हणतो, त्यात याचा वाटा मोठा असू शकतो.

नशा थांबल्यानंतरचे पहिले काही दिवस झोपेचे, भुकेचे आणि खोल उदासीचे असतात. या दिवसांत जाब विचारू नये, पैशांचे व्यवहार काढू नयेत आणि कोणतीही आश्वासने घेऊ नयेत, कारण ती पाळणारा मेंदू अजून जागेवर आलेला नसतो. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा कानावर आली, तर ती नशा उतरल्याची कुरकुर समजून सोडून न देता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि तोवर त्याला एकटे ठेवू नये.

त्यानंतर सूचना देण्याची पद्धत बदलावी. ‘बँकेत जाऊन ये, येताना औषध आण, वाटेत फॉर्मच्या झेरॉक्स काढ आणि पाचला दवाखान्यात फोन कर’ असे दारात उभे राहून सांगितले, तर तो बँकेपर्यंत जातो, फॉर्म घरीच राहिल्याचे तिथे लक्षात येते आणि बाकीची कामेही विसरून तो रिकाम्या हाताने परततो. त्याऐवजी एका चिठ्ठीवर एकच काम, वेळेसह आणि त्याच्याच हस्ताक्षरात लिहून घ्यावे. लागणारा कागद त्याच चिठ्ठीला टाचावा आणि ते काम झाल्यावरच दुसरी चिठ्ठी द्यावी. हे पोरकट वाटते, त्यालाही वाटेल. म्हणून कारण आधी मोकळेपणाने सांगून टाकावे.

दूरच्या फायद्याला या काळात वजन नसते. ‘सहा महिन्यांनी नोकरी मिळेल’ हे वाक्य हवेत विरते. उत्तेजक पदार्थांच्या व्यसनावर सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपचार याच दुबळेपणाचा आधार घेतो : लघवीची तपासणी नशामुक्त आली की लगेच, ठरलेले, छोटे बक्षीस. तपासणी उपचार केंद्राकडेच ठेवावी. घरात हेच तत्त्व वेळेवर उठण्यासाठी किंवा समुपदेशनाला जाण्यासाठी वापरता येते. बक्षीस रोख रकमेत देऊ नये, ठरलेले टाळू नये आणि काम न झाल्यास बक्षीस न देण्यापलीकडे काही बोलू नये. याला लाच म्हणणारे नातेवाईक भेटतातच; त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती दवडू नये.

तलफ दिवसागणिक उतरतच जाते असे नाही. खुणा समोर आल्यावर उठणारी तलफ पहिल्या काही आठवड्यांत उलट वाढूही शकते, म्हणून ‘महिना झाला, आता धोका टळला’ असे मानू नये. जुने फोन नंबर, ठरावीक रस्ता, हातात पगार पडण्याची संध्याकाळ अशा खुणांची यादी शांत वेळी करावी आणि प्रत्येकीपुढे त्या क्षणी करायची एकच कृती लिहावी. ऐन वेळी विचार करून मार्ग काढणे हेच तर त्याला जमत नसते.

पुन्हा नशा झाली आणि छातीत दुखणे, अंग भयंकर तापणे, झटके, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काहीही दिसले, तर थेट रुग्णालयात न्यावे. कुणीतरी पाठलाग करते आहे असा संशय त्याने धरला असेल, तर तो खोडून काढण्यात अर्थ नसतो. खोलीतला गोंगाट कमी करावा, आवाज खाली ठेवावा आणि मानसोपचारतज्ज्ञांना कळवावे.

सुधारणा होते, पण सगळीकडे सारख्या वेगाने होत नाही. मेथॅम्फेटामाइन सोडलेल्या मोजक्या व्यक्तींच्या मेंदूचे वर्षभराहून अधिक काळानंतरचे चित्रण २००१ साली प्रसिद्ध झाले, त्यात डोपामिनची परतीची दारे बऱ्याच अंशी पुन्हा वाढलेली दिसली. स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांत मात्र तेवढी प्रगती आढळली नाही. म्हणून चिठ्ठ्या महिन्याभरात बंद करू नयेत. सलग दोन आठवडे एका चिठ्ठीचे काम न आठवण करता होऊ लागले, की त्याच चिठ्ठीवर दुसरी ओळ लिहून पाहावी, आणि ती राहून गेली तर पुन्हा एका ओळीवर यावे.