वळवाआधी लव्हाळ्याच्या गाठी काढा, हिरवळीचं नंतर बघू

मे उतरतीला लागलाय. वळीव कोसळला की संधी गेली. म्हणून घरामागची तणकट, खाचखळग्यांची जागा हिरवी करायची असेल, तर गवत कुठलं घेऊ हे आत्ता विचारू नका. आधी लव्हाळा, जमिनीखाली गाठी धरणारं हे तण, काढा. फसलेल्या हिरवळी पुष्कळ बघितल्या; बहुतेकींच्या खाली गाठी तशाच राहिलेल्या होत्या.

लव्हाळा हाताने उपटला की तिधारी दांडा हातात येतो, काळी गाठ खालीच. एकीला दुसरी, तिला तिसरी, माळेसारख्या ओवलेल्या. रोटाव्हेटर तर मुळीच नको. माळ तुटते आणि दबून बसलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र फुटते. टिकावाने फूटभर खणा, ढेकळं उलटी टाका, तापू द्या. पाण्याचा थेंब नको. पुस्तकात सापडणार नाही, पण माझा ठोकताळा असा: दुपारी ढेकूळ उचलताना चटका बसतो असे दहा-बारा दिवस मिळाले, तर वरच्या थरातल्या गाठी बहुतेक मरतात. उरलेल्या वेचा, वाळवून जाळा. उकिरड्यावर टाकाल तर शेणखतातून परत येतील.

आणि पहिल्या पावसाला लागवड करू नका! इथेच बहुतेक जण घसरतात. पावसाने लव्हाळा उगवू द्या, खुरप्याने गाठीसकट काढा, पुन्हा उगवू द्या, पुन्हा काढा. जुलैत लावलेली हरळी काही मागे पडत नाही.

नर्सरीवाला म्हणेल, 'लाल माती टाका, वर तयार हिरवळीचं कार्पेट अंथरा, खाली सगळं दबून मरेल.' काही मरत नाही. लव्हाळ्याचं टोक कार्पेट भोसकून वर येतं, आणि विकतच्या मातीतून नव्या गाठी येतात त्या वेगळ्याच. घ्यायचीच असेल तर घमेलंभर माती ओली करून पंधरा दिवस ठेवा, काय उगवतं ते बघा, मगच ट्रॉली सांगा.

ग्लायफोसेट या तणनाशकाची बाटली कुणी पुढे केली तर घेऊ नका. ऑक्टोबर 2022 पासून केंद्राने त्याचा वापर फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फत करायला परवानगी दिली आहे. हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल 75 टक्के हे दुसरं तणनाशक लव्हाळ्यावर चालतं, पण उसातली शिफारस एकरी 36 ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला एक ग्रॅमसुद्धा नाही. अख्खी पुडी गुंठाभर परसात ओतणं म्हणजे चाळीसपट डोस.

बाकीची कामं:
- उतार घरापासून बाहेर, दहा फुटाला एक-दीड इंच. लेव्हल नळीने बघा.
- पहिल्या पावसात डबकी कुठे साचतात तिथे खुणा, मग भर.
- कुजलेलं शेणखत गुंठ्याला 400-500 किलो.
- हरळीच्या काड्या 7-10 सेंमीवर. ऊन हवंच, आंब्याखाली नाद सोडा.
- लागवडीनंतर हलका रोलर.
- कापणी: एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नाही.
- युरिया मुळं धरल्यावर, गुंठ्याला 1 किलो, ओलीवर, लगेच पाणी.

वळवानंतर संध्याकाळी कडुलिंबावर भुंगेरे दिसले तर झाड हलवून गोळा करा, रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हुमणीची, म्हणजे या भुंगेऱ्यांच्या मुळं खाणाऱ्या अळीची, निम्मी कटकट तिथेच संपते.

ऑगस्टमध्ये हिरवळीत लव्हाळ्याची चकचकीत, गवताहून उंच पात दिसली तर मशीन फिरवून समाधान मानू नका. गाठ खालीच राहते. पाऊस उघडला की मऊ मातीत खुरपं खोल घाला आणि तुरा येण्याआधी गाठीसकट उचला.