शर्मन रणगाडा आणि नॉर्मंडीची जमीन: दोन्हींवर एकच धूळ कशी चढवायची

मॉडेल रणगाडा खेळाच्या टेबलावर ठेवला की तो तिथल्याच जमिनीवरून आला आहे असं वाटलं पाहिजे. बऱ्याच टेबलांवर तसं वाटत नाही, कारण गाडीवरचा चिखल एका बाटलीतला असतो आणि बोर्डाची माती दुसऱ्या डब्यातली. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी जमीन, मग गाडी आणि दोन्हींसाठी धुळीचा रंग एकच.

उदाहरण घेऊ 1944 च्या उन्हाळ्यातल्या नॉर्मंडीचं. गाडी अमेरिकन शर्मन, प्रमाण 1/56, म्हणजे ‘बोल्ट ॲक्शन’सारख्या, साधारण 28 मिमी उंच सैनिकांच्या, टेबलावरच्या युद्धखेळांत चालणारं. पाऊस नसला की त्या रस्त्यांवर इतकी धूळ उडायची की धुळीमुळे तोफगोळे येतात, सावकाश चला, अशा पाट्या लावल्या होत्या. त्यामुळे नॉर्मंडी म्हणजे नुसता ओला चिखल असं धरू नका. फिकट, कोरडी धूळ आणि चाकांमध्ये वाळून घट्ट बसलेली माती, हे तिथलं खरं रूप.

बोर्ड

6×4 फुटांच्या टेबलासाठी 60×60 सेंमीचे सहा तुकडे करा. खाली 6 मिमी एमडीएफ, वर 25 मिमी एक्सपीएस फोम (दाट, बिनदाण्याचा फोम). साधा थर्माकोल घेऊ नका, त्याचे दाणे सुटतात आणि कडा टिकत नाहीत. एमडीएफला दोन्ही बाजूंनी आणि कडांना आधी ऑइल प्रायमर मारा. एकच बाजू रंगवली की दुसरी बाजू दमट हवेतलं पाणी ओढते आणि तुकडा वाकतो. मग दोन बोर्डांच्या सांध्यात फट दिसते आणि ती नंतर कशानेही झाकत नाही.

बोकाजचे, म्हणजे नॉर्मंडीतल्या झुडपांच्या कुंपणांनी वेढलेल्या शेतांचे, मातीचे बांध मीटर-दोन मीटर उंच होते. 1/56 मध्ये ते 18 ते 35 मिमी होतात. फोमच्या पट्ट्या तिरक्या कापून चिकटवा आणि वर झुडपं लावा.

मातीचा लेप असा: दोन वाट्या वॉल पुट्टी, एक वाटी चहाच्या गाळणीने चाळलेली बारीक वाळू, अर्धी वाटी फेविकॉल, लागेल तसं पाणी. त्यात यलो ऑक्साइड आणि थोडं काळं स्टेनर आत्ताच मिसळा, नंतर वरून रंगवू असं म्हणू नका. खेळताना कोपरा उडतोच आणि लेप आतून पांढरा असेल तर तो पांढरा ठिपका अख्ख्या टेबलावर पहिला डोळ्यात भरतो. थर 2 मिमीपेक्षा जाड लावला तर तडे जातात. लेप ओला असतानाच जुन्या ट्रॅकचा (रणगाड्याच्या साखळीपट्ट्याचा) तुकडा दाबून रस्त्यावर चाकोरी उमटवा.

स्प्रे कॅन मारायचा असेल तर फोम कुठेही उघडा राहता कामा नये, कॅनमधलं सॉल्व्हंट तो विरघळवतं. बांधांच्या बाजूंना फेविकॉल आणि इमल्शन समसमान मिसळून दोन हात द्या.

आता एअरब्रश, म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणारं पेन. बोर्डाला 0.5 मिमीचं नोझल, 25 ते 30 पीएसआय (हवेचा दाब), अंतर 20 सेंमी. आधी सगळीकडे गडद तपकिरी, मग एकाच बाजूने, तिरक्या कोनातून धुळीचा रंग. चाकोरीच्या तळात गडद राहतं, कडांवर फिकट बसतं. धुळीचा रंग म्हणजे टामिया कंपनीचा एक्सएफ-57 बफ तीन भाग आणि एक्सएफ-52 फ्लॅट अर्थ एक भाग. हे मिश्रण एका बाटलीत जास्तच करून ठेवा आणि बाटलीवर नाव लिहा. रणगाड्याला हीच बाटली लागणार आहे.

गाडीचा मूळ रंग

0.3 मिमीचं नोझल, डबल ॲक्शन (बटण दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग), वर कप असलेला एअरब्रश आणि टाकी असलेला कॉम्प्रेसर एवढं पुरतं. टाकी नसेल तर हवा धक्क्याधक्क्याने येते आणि बारीक रेषा थरथरते. टामियाचा रंग एकास दीड भाग एक्स-20ए थिनर घालून दुधाइतका पातळ करा, 15 पीएसआय ठेवा आणि 6 ते 8 सेंमीवरून मारा. व्हॅलेहो या दुसऱ्या कंपनीच्या रंगात मात्र अल्कोहोलवालं थिनर कधीही घालू नका. कपातच गुठळ्या होतात आणि नोझल बंद पडतं. रंग बदलताना एअरब्रश नीट धुतला नाही तरी हेच होतं.

बिघाड ओळखायला शिका. रंग फाटे फुटून पसरला तर तो फार पातळ आहे किंवा तुम्ही फार जवळ आहात. पृष्ठभाग खरखरीत आला तर रंग वाटेतच वाळतोय: अंतर किंवा दाब कमी करा. कपात बुडबुडे आले तर नोझल सैल आहे किंवा त्याला चीर गेली आहे. मधूनच पाण्याचा थेंब उडाला तर कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलंय. जुलैत मुंबई-रत्नागिरीकडे हे रोजचंच, म्हणून वॉटर ट्रॅप लावा आणि काम संपलं की टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडून पाणी काढा. नागपूरच्या मे महिन्यात उलटं होतं: सुईच्या टोकावर रंग वाळतो. रंगात दोन-तीन थेंब रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) घाला आणि ओल्या कापूस-काडीने टोक पुसत राहा.

सॉल्व्हंट मारताना खिडकी उघडी ठेवणं पुरेसं नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क लावा. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

शर्मनला गडद प्रायमर देऊन एक दिवस सुकू द्या. ऑलिव्ह ड्रॅबसाठी (अमेरिकन लष्कराच्या मळकट हिरव्यासाठी) एक्सएफ-62 बाटलीतून जसाच्या तसा मारला तर 10 सेंमीच्या गाडीवर तो काळपट दिसतो. तीन भागांत एक भाग एक्सएफ-60 (गडद पिवळा) घाला. पांढरा घालून उजळवू नका, रंग खडूसारखा पडतो. वरच्या आडव्या पत्र्यांवर आणखी थोडा एक्सएफ-60 घातलेला हात हलकेच मारा, खालच्या बाजू तशाच सोडा.

ओरखडे

केसांच्या स्प्रेने रंग उडवायचा तर ऑलिव्ह ड्रॅबच्या आधी गडद तपकिरी थर, त्यावर स्प्रेचे दोन हलके हात आणि 20 मिनिटं सुकणं. वरचा रंग एक्स-20एमध्येच पातळ करा, लॅकर थिनर स्प्रेचा थर खातं. रंग सुकला की तासाभरात पाणी लावून आखूड केलेल्या ताठ ब्रशने घासा. दोन दिवसांनी घासायला बसलात तर काही निघत नाही आणि स्प्रे जाड मारला असेल तर वरचा रंग तडकतो. व्हॅलेहोचा थर रबरासारखा ताणतो, त्यामुळे त्याचे पापुद्रे निघतात. बारीक ओरखड्यांसाठी टामियाच बरा.

मापाचं भान मात्र ठेवा. 1/56 मध्ये 1 मिमीचा ओरखडा म्हणजे खऱ्या गाडीवर साडेपाच सेंमीपेक्षा मोठा डाग. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पुरे: हॅचच्या कडा, चढण्याच्या जागा, समोरच्या ट्रान्समिशन कव्हरचा खालचा काठ. जून ते ऑगस्टच्या मोहिमेतला रणगाडा नारिंगी गंजाने खाल्लेला नव्हता. गंज एक्झॉस्टवर ठेवा, बाकी ठिकाणी गडद तपकिरी.

ऑइल वॉश

वॉश म्हणजे सांध्यांत सावली भरणारा पातळ रंग. त्याआधी सॅटिन किंवा ग्लॉस वार्निश हवंच. मॅटवर वॉश सांध्यात न धावता डागासारखा पसरतो. बर्न्ट अंबर ऑइल रंग पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा. पुठ्ठा त्यातलं तेल शोषतो आणि रंग मॅट सुकतो. मग एक भाग रंगाला आठ ते दहा भाग मिनरल टर्पेंटाइन. बारीक ब्रश फक्त रिव्हेटच्या आणि सांध्याच्या कडेला टेकवा, वॉश आपोआप धावतो. अर्ध्या तासाने टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसलेल्या ब्रशने वरून खाली ओढा. तेवढ्यात पावसाचे ओघळही होऊन जातात. पोटात, जिथे प्लास्टिक उघडं राहिलंय, तिथे वॉश साचू देऊ नका. चिकटवलेला सांधा तडकू शकतो.

धूळ

आता बोर्डाची बाटली काढा. एक भाग रंग, आठ-नऊ भाग थिनर, 10 ते 12 पीएसआय. खालचा हल (गाडीचं मुख्य धड), चाकं आणि मागचा पत्रा यांवर इतका पुसट थर द्या की पहिल्या दोन हातांत फरक दिसू नये. चाकांच्या बोगींवर (चाकांच्या जोड्या धरणाऱ्या चौकटींवर), आडव्या कडांवर तोच रंग थोडी बारीक वाळू आणि मॅट वार्निश मिसळून ब्रशने टेकवा. 2 मिमीचा गोळा म्हणजे 11 सेंमीचं ढेकूळ, तेव्हा हात आवरता ठेवा.

शेवटी मॅट वार्निशचे दोन हलके हात. वार्निश धुळीला गडद करतं, म्हणून धूळ आधीच जराशी जास्त ठेवलेली बरी. मुसळधार पावसाच्या दिवशी कॅनचं वार्निश मारू नका, पांढरट साय धरते.

ट्रॅकची चमक मात्र वार्निशनंतरच. अनेक शर्मनच्या ट्रॅकचे ठोकळे रबराचे होते, त्यामुळे अख्ख्या ट्रॅकवर चंदेरी ड्रायब्रश करणं (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग घासणं) चूक आहे. ठोकळे एक्सएफ-85 (रबरी काळा) ने काळसर करा आणि 4बी पेन्सिलचं शिसं फक्त बाजूच्या लोखंडी जोडांवर आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातांवर घासा. चाकांच्या धावाही रबराच्याच, तिथे पेन्सिल लावायची नाही.