मॅपवाली बाई पाखाडीत नेते तेव्हा: कोकणातला नकाशा कसा सुधारायचा

गणपतीत किंवा मे महिन्यात गावाला येणारी एखादी तरी गाडी हमखास अडकते. डांबर संपतं, दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं), पुढे जांभ्याच्या पायऱ्या, आणि फोनमधली बाई सांगते, 'दोनशे मीटर सरळ जा'. मग तेवढ्याच अरुंद वाटेने गाडी मागे घेताना वाडीतले चार जण 'डावीकडे, डावीकडे' करत उभे राहतात. बाईचा दोष थोडा आहे. ती वाट पाखाडी, म्हणजे फक्त पायी जायची पायऱ्यांची वाट आहे, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. वरून काढलेल्या फोटोत पाखाडी आणि वाडीचा रस्ता सारखेच दिसतात. आंब्या-फणसाच्या सावलीत तर दोन्ही दिसत नाहीत.

अ‍ॅपला रस्ता दिसत नाही, रस्त्यावरून सरकणारे फोन दिसतात. मुंबईत एका सिग्नलवर शेकडो फोन असतात. राजापूरच्या सड्यावरून (उघड्या कातळपठारावरून) जाणाऱ्या रस्त्यावर दुपारी तासभरात चार गाड्या जातील, म्हणून इथे एका माणसाने दिलेली माहितीही वजनदार ठरते. चुकीची दिली तर तिचंही वजन तेवढंच.

आधी एक फरक पक्का करा. दरड, झाड, पाणी, अपघात ही आजची अडचण आहे, ती 'रिपोर्ट'मध्ये जाते. नसलेला रस्ता, चुकीचं वळण, पाखाडी, दुभाजकातला बंद झालेला छेद ही नकाशाची चूक आहे, ती 'एडिट'मध्ये जाते. घाटात दरड आली म्हणून काही जण तो रस्ताच 'अस्तित्वात नाही' असं कळवतात. ती दुरुस्ती चुकून मंजूर झाली, तर दरड उपसल्यावरही वाहतूक भलत्याच घाटाने जात राहते. घाट बंद असेल तर 'तात्पुरता बंद' निवडा आणि दिशा, कारण व तारीख भरा. करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद होता, तेव्हा वाहतूक भुईबावडा घाटाने वळवली होती. अशा वेळी उपयोगी पडते ती हीच नोंद.

काही न करता होणारी मदतही आहे. फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशन 'अचूक' ठेवा आणि बॅटरी सेव्हर बंद करा, नाहीतर फोन जागा तुटक पाठवतो. वाहन खरं निवडा. गुगल मॅप्समध्ये २०१७ पासून भारतात दुचाकीचा वेगळा पर्याय आहे. स्कूटरवरून पाणंदीतून जाताना चारचाकीचा पर्याय चालू असेल, तर ती पाणंद मोटारीला चालते असा समज व्हायला तुम्हीच हातभार लावता.

रिपोर्ट शक्यतो शेजारी बसलेल्याने द्यावा. २०२० च्या नियमदुरुस्तीने गाडी चालवताना मार्ग पाहण्यापुरता फोन चालतो, तोही लक्ष विचलित न होता. टाइप करत बसणं त्यात येत नाही. एकटे असाल तर फोन स्टँडवर ठेवा आणि गाडी बाजूला घेऊन मग कळवा. वेझ (मार्ग दाखवणारं दुसरं अ‍ॅप) आणि गुगल मॅप्स दोन्हींत रिपोर्टचं बटण मार्ग चालू असताना पडद्यावरच असतं. प्रकार नेमका निवडा. रस्ता पूर्ण बंद आणि एक लेन बंद यांत फरक आहे. परशुराम घाटात एका बाजूने वाहतूक चालू असताना 'पूर्ण बंद' दाबलंत, तर मागच्यांना विनाकारण लांबचा वळसा पडतो. पुढे पुन्हा तिथून जाताना 'अजून आहे का?' असं विचारलं जातं, त्याला उत्तर द्या. आपल्याकडे रिपोर्ट टाकणारे बरेच, काढणारे थोडे. म्हणून झाड तोडून रस्ता मोकळा झाला तरी नकाशात ते आडवंच पडलेलं असतं.

घाटात रेंज नसते, तिथे लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. जीपीएसला नेट लागत नाही. फोनला आकाश दिसलं की जागा कळते. नेट लागतं ते नकाशा उतरवायला आणि रिपोर्ट पाठवायला. म्हणून घाट चढण्याआधी त्या भागाचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करून ठेवा. दरीत आणि दाट झाडीत जागा दहा-वीस मीटर इकडेतिकडे दाखवली जाते, त्यामुळे नागमोडी वळणावर गाडी वरच्या पट्ट्यात आहे की खालच्या, याचाही घोळ होतो. अशा ठिकाणी कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेवून थांबलेल्या गाडीतून एक फोटो घ्या. अक्षांश-रेखांश त्यातच नोंदले जातात, घरी येऊन ते वाचता येतात. मात्र तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलात, तर ही नोंद पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दशांश चिन्हानंतर पाच आकडे पुरतात, म्हणजे साधारण एक मीटरपर्यंतची जागा मिळते. आधी अक्षांश, मग रेखांश. रत्नागिरी सुमारे १७ आणि ७३ वर आहे. आकडे उलटे लिहिलेत तर रत्नागिरी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते.

आता खरं काम, म्हणजे कायमच्या दुरुस्त्या. या घरी निवांत बसून कराव्यात. गुगल मॅप्समध्ये योगदानाच्या विभागातून नकाशा संपादित करण्याचा पर्याय उघडा आणि रस्त्याचा नेमका तुकडा निवडा. पाखाडीसाठी 'गाडीला जाण्याजोगा नाही' या अर्थाचा जवळचा पर्याय घ्या. टीप दोन ओळींची असावी: 'जांभ्याच्या पायऱ्या आहेत, फक्त पायी. गाडी वरच्या वाडीच्या रस्त्याने येते.' सोबत पायऱ्यांचा फोटो द्या. 'रस्ता चुकीचा आहे, लवकर सुधारा' एवढंच लिहिलं, तर तपासणाऱ्याला काहीच कळत नाही आणि दुरुस्ती लटकते.

सगळ्यात जास्त चुका सध्या मुंबई-गोवा महामार्गावर आहेत. चौपदरीकरणात दुभाजक आला, पूल आला, सर्व्हिस रोड आला. गावाच्या तिठ्यावर पूर्वी सरळ उजवीकडे वळता यायचं, आता तिथे काँक्रीटची भिंत आहे. अ‍ॅप अजून 'उजवीकडे वळा' म्हणतं आणि गोंधळलेला माणूस चुकीच्या बाजूने गाडी घालतो. कळवताना तीन गोष्टी लिहा: कुठून कुठे वळता येत नाही, पलीकडे जायला पुढचा छेद किंवा पुलाखालची वाट कुठे आहे, आणि सर्व्हिस रोड एकेरी आहे की दुहेरी. वेझच्या मॅप एडिटरमध्ये हे सोपं आहे. तो संगणकावर चालतो. रस्त्याचा तुकडा निवडला की टोकाला बाण दिसतात, हिरवा म्हणजे वळण चालतं, लाल म्हणजे नाही. नवख्याला तिथे फक्त स्वतः अलीकडे वेझ लावून गेलेल्या रस्त्यांच्या आसपासच बदल करता येतो, आणि महामार्ग वरच्या श्रेणीच्या संपादकांसाठी राखलेले असतात. तिथे विनंती टाकून थांबावं लागतं.

घराची पिन लावताना छपरावर लावू नका, ही चूक जवळजवळ सगळे करतात. अ‍ॅप पिनच्या सगळ्यात जवळचा रस्ता शोधतं. आपली घरं उतारावर असतात. छपरापासून वरचा रस्ता तीस मीटरवर असतो, पण मध्ये कडा, आणि पाहुणे नेमके कड्यावर येऊन फोन करतात. पिन बेड्याशी (आवाराच्या फाटकाशी) किंवा गाडी उभी राहते तिथे लावा. नावात वाडी, गाव, तालुका तिन्ही लिहा. नुसती 'मधलीवाडी' जिल्ह्यात कितीतरी सापडतील.

ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा २००४ पासून चालू आहे आणि त्यात कोणालाही खातं उघडून थेट बदल करता येतो. ऑफलाइन चालणारी बरीच अ‍ॅप हाच नकाशा वापरतात. तिथे प्रत्येक रेषेला टॅग लावतात, आणि 'हायवे' म्हणजे कोणत्याही वाटेचा प्रकार. पाखाडीच्या रेषेला 'हायवे'खाली 'स्टेप्स' द्या, पायी जायच्या साकवाला (छोट्या पुलाला) 'फुटवे' आणि 'ब्रिज', लाल मातीच्या रस्त्याला 'सरफेस'. पऱ्यावरून (ओढ्यावरून) पाण्यातूनच जावं लागत असेल, तर तो बिंदू 'फोर्ड'. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडले अशा फेरीबोटीची रेषा दोन्ही जेटींवर रस्त्याच्या बिंदूला खरोखर जोडलेली आहे का, ते झूम करून बघा. दोन मीटरचं अंतर राहिलं, तरी अ‍ॅपच्या लेखी बोट नाहीच, आणि ते खाडीला पूर्ण वळसा घालून नेतं. बोटीचे तास आणि पावसाळ्यातला खंड जेटीवरच्या फलकावरून भरा. गुगलच्या नकाशात बघून इथे काही उतरवायचं नाही. परवान्यात ते बसत नाही आणि असा बदल उलटवला जातो. स्वतः पाहिलेलं आणि स्वतःचा जीपीएस ट्रॅक, एवढंच भांडवल.

नवा रस्ता काढताना दुसरी नेहमीची चूक म्हणजे खाजगी वाट सार्वजनिक करणं. कलमांच्या बागेतून जाणारी, फाटक असलेली वाट 'खाजगी' म्हणूनच दाखवा, नाहीतर आंब्याच्या हंगामात बागवाल्याच्या राखणीतून गाड्या जाऊ लागतील.

दुरुस्ती मंजूर झाल्याचा निरोप आला, तरी काही दिवसांनी एकदा मार्ग काढून बघा, दोन्ही दिशांनी. येताना सुधारलेलं वळण जाताना तसंच राहिलेलं असतं. आणि एका अ‍ॅपमधला बदल दुसऱ्यात आपोआप जाईलच असं नाही. वेझ २०१३ पासून गुगलकडे असलं, तरी त्याचा नकाशा वेगळा सांभाळला जातो. तुमच्याकडे येणारे पाहुणे कोणतं अ‍ॅप वापरतात ते विचारा आणि आधी तिथली पाखाडी दुरुस्त करा.